बजेट घरी आणून वाच

मनू,

“सरकारने आरोग्यासाठी जवळजवळ एक लाख कोटी ठेवलेत, मग आपण वेगळा विमा कशाला काढायचा?” हा तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसले. तू हिशेबाला पक्की आहेस. किराण्याच्या बिलातली दहा रुपयांची चूक तुझ्या नजरेतून सुटत नाही. मग आपल्या घराच्या मिळकतीला सगळ्यात मोठा धक्का ज्या खर्चाने बसू शकतो, त्याचा आकडा नुसता बातम्यांत ऐकून कसा सोडून द्यायचा? हे वाचताना घरचं रेशनकार्ड, सासूबाईंचं आधार आणि तुझ्या संदीपरावांची पगाराची स्लिप जवळ ठेव. बजेटचा आकडा आपल्या घरात कुठल्या कागदावरून शिरतो, ते एकदा कळलं की झालं.

आधी तो लाख कोटींचा आकडाच घेऊ. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला ९९,८५८ कोटी रुपये दिले होते. त्यात एम्स आली, वैद्यकीय शिक्षण आलं, गावोगावची आरोग्य केंद्रं आणि लसीकरण सांभाळणारं राष्ट्रीय आरोग्य अभियान आलं. एकट्या त्या अभियानालाच ३७ हजार कोटींच्या वर. तू ज्याला सरकारी विमा म्हणतेस, त्या आयुष्मान भारत योजनेच्या, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या वाट्याला आले ९,४०६ कोटी. शंभरातले साडेनऊ रुपयेसुद्धा नाहीत.

आणखी एक सवय लावून घे. बजेटच्या कागदांत एकाच योजनेपुढे वेगवेगळे आकडे असतात. एक वर्षाच्या सुरुवातीला धरलेला, एक नंतर सुधारलेला, आणि एक खरोखर खर्च झालेला. भाषणात आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतो तो पहिला. २०२३-२४मध्ये या योजनेला ७,२०० कोटी धरले होते, सुधारित अंदाजात ते ६,८०० झाले. पुढच्या वर्षी उलटं झालं. ७,३०० धरले आणि सुधारित आकडा ७,६०० कोटींच्या आसपास गेला. त्याच वर्षी सत्तरीपुढच्या सगळ्यांना योजनेत घेतलं होतं. म्हणून नवीन बजेट आलं की मी आधी मागच्या वर्षाचा सुधारित आकडा बघते. सरकार काय बोललं आणि त्याने काय केलं, ते तिथे दिसतं.

आता भागाकार कर. योजनेत साधारण १२ कोटी कुटुंबं आहेत. ९,४०६ कोटींना बाराने भागलं की कुटुंबामागे वर्षाला सुमारे ७८० रुपये येतात. बहुतेक राज्यांत केंद्र ६० टक्के देतं आणि राज्य ४० टक्के, तेव्हा दोन्ही धरून ढोबळमानाने १,३०० रुपये. कार्डावर मात्र पाच लाख. हे वाचून “म्हणजे फसवणूकच की!” असं म्हणू नकोस. विमा असाच चालतो. भिशीत सगळ्याजणी पैसे घालतात आणि ज्या महिन्यात जिचा नंबर लागेल तिला रक्कम मिळते, तसंच हे. फक्त इथे नंबर आजारपणाचा, आणि आपला लागू नये अशीच प्रार्थना करायची. पाच लाख ही वरची मर्यादा आहे, तुझ्या नावावर ठेवलेली रक्कम नव्हे. पण कुटुंबामागची तरतूद किती तोकडी आहे, तेही या भागाकारातून कळतं. योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो. खाजगी रुग्णालयं म्हणतात की दर परवडत नाहीत आणि पैसे वेळेवर मिळत नाहीत. मग एखाद्या ठिकाणी “योजनेच्या खाटा भरल्यात” असं ऐकायला मिळतं. आमच्या शेजारच्या काकांना एका मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर हेच उत्तर मिळालं आणि त्यांचा मुलगा रात्रभर दुसऱ्या रुग्णालयासाठी फिरत राहिला. अशा फरफटीचं मूळ दिल्ली-मुंबईच्या त्या आकड्यांत आहे, म्हणून तर ते वाचायचे.

तू म्हणशील, मग या सगळ्याने फरक पडला की नाही? पडला, आणि तो मान्य केला पाहिजे. देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो, त्यात लोकांची पदरमोड २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होती, २०२१-२२मध्ये ती ३९.४ टक्क्यांवर आली. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचे, म्हणजे सरकारचेच हे आकडे आहेत. तरीसुद्धा शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून घरातूनच जातात. आणि ते जातात कुठे, हे तुला मी सांगायला नको. सासूबाईंच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, तुझ्या चिनूचा ताप, डॉक्टरांची फी. यातल्या कशासाठीही अॅडमिट व्हावं लागत नाही, आणि सरकारी योजना असो की विकत घेतलेली पॉलिसी, बहुतेकींचं काम माणूस अॅडमिट झाल्यावर सुरू होतं.

अॅडमिट व्हावं लागलं तर काय होतं, तेही बघ. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीत एका वेळच्या रुग्णालयवासाचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये निघाला आणि खाजगीत ३१,८४५. बाळंतपणं यात धरलेली नाहीत. ग्रामीण भागात हा खर्च भागवायला १३ टक्के घरांनी मुख्यतः कर्ज काढलं होतं. ती सरासरी आहे, मनू. बायपास किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेचा आकडा काय असेल, त्याची कल्पना तूच कर.

आता तुझ्या टेबलावरचे कागद. पहिलं रेशनकार्ड, कारण महाराष्ट्रात बरीच वर्षं तुमचं उपचाराचं दार कार्डाचा रंग बघून उघडायचं. १९९९पासून आपल्याकडे तीन रंगांची कार्डं आहेत. पिवळं सगळ्यात गरिबांना, केशरी वर्षाला १ लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना आणि त्यावर पांढरं. १९९९ साली लाखाचं उत्पन्न म्हणजे बरी परिस्थिती होती. आज महिन्याला साडेआठ हजार मिळवणारा माणूसही ती रेषा ओलांडतो. राज्याची योजना २०१२मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झाली, तरी बराच काळ दीड लाखाचं संरक्षण मुख्यतः पिवळ्या-केशरीलाच होतं. रिक्षा चालवणारा, दुकानात हिशेब लिहिणारा, शाळेत कंत्राटावर शिकवणारी, यांचं कार्ड पांढरं म्हणून ते बाहेर. गरीब म्हणावं इतके गरीब नाहीत आणि दवाखान्याचं बिल भरावं इतके श्रीमंत नाहीत. नीती आयोगाने २०२१मध्ये अशा मधल्या लोकांचा अंदाज मांडला, देशाच्या लोकसंख्येच्या ३० टक्के, म्हणजे ४० कोटी माणसं. आपण दोघी त्यातल्याच.

म्हणून २०२३चा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. राज्याने फुले योजना सगळ्या रहिवाशांना लागू करायचं ठरवलं, कार्डाचा रंग कुठलाही असो, आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख. तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते. २०२४च्या जुलैपासून अंमल सुरू झाला. म्हणजे तुमचं पांढरं कार्डही चालतं. गोव्यातल्या आपल्या आतेबहिणीला सांग, तिच्याकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६पासून आहे. पाच वर्षांच्या रहिवाशांना, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख.

पण तुमचं रेशनकार्ड उघडून त्यातली नावं वाच. तुझं नाव आहे त्यात? लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी माझ्या आठवणीप्रमाणे तुझं नाव अजून आईच्या कार्डावरच आहे. चिनूचंही घातलं नसशील. रुग्णालयात फुले योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसलेले असतात. ते पहिल्यांदा रेशनकार्ड आणि आधार मागतात आणि नाव जुळवून बघतात. कार्डावर सासू-सासरे, दीर, नवरा सगळे असतात आणि ज्या सुनेला अॅडमिट करायचंय तीच नसते, असं मी डोळ्यांनी बघितलंय. मग नवरा तिला बाकावर बसवून तहसील कचेरीकडे पळतो. तू आधीच माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आण, इथे नाव घाल, चिनूचा जन्मदाखला जोड. हे काम आजारी नसतानाच करायचं आहे. या महिन्यातच कर.

आणि हेही ध्यानात ठेव, या योजनेत आधी बिल भरून नंतर पैसे परत मागायची सोय नाही. योजना लावायची तर अॅडमिट होतानाच सांगायचं, रुग्णालय अंगीकृत आहे का ते विचारायचं, परवानगी आली की उपचार. तातडीची वेळ असेल तर फोनवरून परवानगी घेता येते, कागद मागाहून. मंजूर उपचारासाठी वर पैसे मागितले तर १५५३८८ला फोन लाव, आयुष्मानसाठी १४५५५. दोन्ही नंबर फ्रीजवर चिकटव. घरापासून जवळची तीन अंगीकृत रुग्णालयं कुठली आणि त्यांत कुठल्या आजारांचे उपचार योजनेतून होतात, ते आधीच विचारून ठेव. अंगीकृत असलं तरी प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक विभाग योजनेत असतोच असं नाही.

सासूबाई बहात्तरच्या, म्हणजे त्यांचं दार वेगळं. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरी पूर्ण केलेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत, फक्त आधारवरचं वय बघतात. घरचं कुटुंब आधीपासून आयुष्मानमध्ये असेल तर ज्येष्ठांना वेगळे पाच लाख, म्हणजे त्यांच्या आजारपणात तुमच्या वाट्याला हात लागत नाही. जुना मधुमेह असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण. खाजगी विमा असला तरी चालतं. त्यांना संकोच वाटेल, “आपण काय गरीब आहोत का?” म्हणतील. त्यांना सांग, आयुष्यभर कर भरलाय. २०१८पासून आयकरावर चार टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर घेतात, काडेपेटीपासून गॅसपर्यंत सगळ्यावर कर आहेच. हे उपकार नाहीत.

आता पगाराच्या स्लिपा. तुझ्या धाकट्या दिराचा पगार साडेवीस हजारांवरून तेवीस हजार होणार म्हणून घरात पेढे वाटलेस. आनंदच आहे. पण त्याच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का बघ. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा मिळतो. ही मर्यादा २०१७पासून तशीच आहे. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. वीस हजारांवर त्याच्या खिशातून जेमतेम दीडशे रुपये जातात, आणि त्यात त्याच्यासकट बायकामुलांचा, अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा बाह्यरुग्ण उपचार, औषधं, शस्त्रक्रिया सगळं येतं. साध्या तापाच्या गोळ्याही येतात, जे दुसऱ्या कुठल्या विम्यात सहसा नसतं. पगार मर्यादेपलीकडे गेला की चालू सहामाही संपेपर्यंत, एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, कपात चालू राहते आणि नंतर थांबते, आणि त्या कपातीवर मिळणारं संरक्षणही पुढे काही महिन्यांत संपतं. म्हणजे अडीच हजारांच्या पगारवाढीबरोबर अख्ख्या कुटुंबाचं संरक्षण जातं, आणि पगारवाढीचं पत्र देताना हे कुणी सांगत नाही. वाढीव पैशांतले महिन्याला हजारभर बाजूला काढून ती सहामाही संपायच्या आत त्याला पॉलिसी घ्यायला लाव. मला विचारशील तर ही २१,०००ची रेषा इतकी वर्षं न हलवणं हा पगारदार माणसावर अन्याय आहे.

संदीपरावांच्या कंपनीचा तीन लाखांचा गट विमा आहे, तो चांगलाच आहे. पण तो त्यांच्या नोकरीचा आहे, तुमच्या कुटुंबाचा नव्हे. नोकरी सुटली, कंपनी बदलली किंवा मालकाने खर्च कमी करायला रक्कम घटवली, की तुमच्या हातात काही उरत नाही. आणि माणूस पन्नाशीत नोकरी सोडतो तेव्हाच शुगर-बीपी निघालेलं असतं, त्या वयात नवी पॉलिसी महागही पडते आणि अटीही वाढतात. म्हणून पस्तिशीतच स्वतःची पॉलिसी घ्या, असं मी पुन्हा पुन्हा सांगते.

हप्त्याचा प्रश्न तू काढलासच. त्यात सरकारने दोन गोष्टी केल्या, त्यातली एकच तुमच्या कामाची आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण काढला. वीस हजारांच्या हप्त्यावर आधी ३,६०० रुपये कर लागायचा, तो गेला. विमा कंपन्यांना त्यांच्या खर्चावरच्या कराची वजावट आता मिळत नाही, त्यामुळे मूळ हप्ता थोडा वाढवलाय का, ते जुनी आणि नवी पावती शेजारी ठेवून बघायला हवं. दुसरी गोष्ट आयकरातली ८० डीची वजावट. स्वतःच्या कुटुंबाच्या हप्त्यावर २५ हजारांपर्यंत, ज्येष्ठ आई-वडिलांसाठी वेगळे ५० हजारांपर्यंत. एजंट अजूनही “टॅक्स वाचतो” म्हणून पॉलिसी विकतात. पण ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. २०२५च्या बजेटने नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यावर आणला. संदीपरावांचे महिन्याला बासष्ट हजार, वर्षाचे साडेसात लाखही होत नाहीत. तुम्हाला करच नाही, तर वाचायचं काय? पॉलिसी घ्यायची ती घर वाचवायला. वीस हजारांचा हप्ता म्हणजे महिन्याला सोळा-सतराशे रुपये. तुझ्या वहीत दुधाच्या रकमेखाली ही रक्कम लिही आणि ती पगार झाल्याच्या दिवशी बाजूला काढ.

पॉलिसी घेताना मी एकच कलम तुला बोट ठेवून वाचायला लावणार आहे. खोलीभाड्याची मर्यादा. समज, पाच लाखांच्या पॉलिसीत लिहिलंय, खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. तू अॅडमिट झालीस, “जरा बरी खोली घेऊ” म्हणून ८,०००ची घेतली, चार दिवस राहिलीस. तुला वाटेल रोजचे तीन हजार म्हणजे बारा हजार खिशातून जातील. तसं होत नाही. कंपनी म्हणते, तुम्ही पाचाच्या जागी आठाची खोली घेतली, तर खोलीच्या दर्जाबरोबर वाढणारे बाकीचे खर्चही आम्ही आठातले पाचच देऊ. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग यांचं बिल १,६०,००० झालं असेल, तर त्यातले १ लाखच मिळणार. साठ हजार तिथे गेले, बारा हजार खोलीचे, एकूण बहात्तर हजार. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटला हे प्रमाण लावता येत नाही, एवढा नियम आपल्या बाजूचा आहे. तेव्हा हप्ता दोन हजारांनी जास्त पडला तरी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घे. आणि जुनीच चालू ठेवायची असेल तर अॅडमिट होताना मर्यादेतलीच खोली माग, कुणी कितीही आग्रह केला तरी.

बाकीचं भरभर सांगते. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं, पूर्वी चार होता. सलग पाच वर्षं हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, “तुम्ही माहिती लपवली” म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत आवडली नाही तर परत करता येते. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि घरी सोडताना अंतिम परवानगी तीन तासांत. उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. हे २०२४चे नियम आहेत, काउंटरवरच्या माणसाला शांतपणे सांगायचे. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही की विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही.

आता थोडं आपल्या दोघींतलं. तुला थायरॉईड आहे, आणि मागच्या वर्षी गाठ दाखवायला गेली होतीस ते तू घरात कुणाला सांगितलं नाहीस. प्रपोजल फॉर्मवर दोन्ही लिही. एजंट म्हणेल, “वहिनी, कशाला लिहिता, हप्ता वाढेल.” वाढू दे. पुढे दावा आला की कंपनी जुने रिपोर्ट काढते, आणि तेव्हा तो एजंट फोन उचलत नाही. संदीपराव सोबत असताना लिहायला अवघड वाटत असेल तर आधी त्यांना सांग. अगं, ते घाबरतील म्हणून तू किती दिवस एकटी घाबरत राहणार आहेस? आपल्याकडच्या बायका नवऱ्याचा विमा, मुलाचा विमा, सासूचं कार्ड सगळं करतात आणि स्वतःची तपासणी दिवाळीनंतरवर ढकलतात. तू तसं करू नकोस. तुझं आजारपण हाही घराच्या मिळकतीवरचा घालाच आहे, तू पगार आणत नाहीस म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही. तू महिनाभर अंथरुणाला खिळलीस तर स्वयंपाकाला, चिनूला सांभाळायला, सासूबाईंना बघायला माणसं लावून बघ किती पैसे लागतात ते.

गोळ्या-तपासण्यांसाठी मात्र विम्यावर विसंबू नकोस. त्यासाठी वेगळं खातं काढ, जीएसटीचे वाचलेले ३,६०० त्यात पहिल्यांदा टाक. सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा आणि डॉक्टरांना विचारून तीच औषधं तिथून घे. माझ्या सासऱ्यांच्या औषधांचा महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली आला, आणि ते त्या औषधांवर ठणठणीत आहेत.

तुझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनाही हे सगळं सांग, त्यांना कुणी सांगत नाही. त्यांच्या घरात कुणाची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत बसत नसेल तर अजून एक वाट आहे. महाराष्ट्रात ट्रस्टच्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर निम्म्या दरात. बजेटमध्ये यासाठी एक पैसाही नसतो, या रुग्णालयांना ज्या सवलती मिळतात त्याच्या बदल्यातली ती जबाबदारी आहे. लागतो तो तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठायचं, आणि टाळाटाळ केली तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार. मोठी, चकचकीत रुग्णालयंही यात असतात. मावशींना आत जायची भीती वाटेल, तू सोबत जा.

एवढं सगळं आपल्यालाच शोधत फिरावं लागतं, याचा मला राग येतो. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू. २०२१-२२मध्ये, कोविड चालू असतानाही, तो केंद्र-राज्य मिळून १.८४ टक्के होता. आपल्या नाक्यावरच्या महापालिकेच्या दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर आणि रोजची औषधं मिळाली, तर निम्म्या घरांना पाच लाखांच्या कार्डाची आठवणही येणार नाही. म्हणून निवडणुकीत कुणी दारात आलं की पाच लाखांचे दहा लाख कधी करणार, असं विचारू नकोस. आपला दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा राहणार आणि त्याला किती पैसे दिले, ते विचार.

तर आधी रेशनकार्डातलं नाव, मग सासूबाईंचं कार्ड, मग दिराची पॉलिसी. तुमच्या पॉलिसीचे दोन-तीन प्रस्ताव मागव आणि सही करायच्या आधी प्रत्येक पानाचे फोटो मला पाठव, रविवारी दुपारी फोनवर बसून दोघी मिळून वाचू. आणि त्या गाठीच्या सोनोग्राफीची तारीख घेतलीस का ते आधी कळव.

तुझी,
ताई